लॅरी फिंगर यांस खुलं आभारपत्र

आदरणीय लॅरी फिंगर यांस,
सा. न. वि. वि.

२१ जून २०२४ रोजी तुम्ही गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे मला ठाऊक आहे. पण लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर वायफाय चालवणारा तुमचा कोड ज्यांच्या लॅपटॉपात रोज चालतो त्यातल्या बहुतेकांना तुमचं नाव माहीत नाही. म्हणून उघड लिहितोय.

मी तालुक्याच्या गावी संगणक शिकवतो. मुलं सेकंडहँड लॅपटॉप घेऊन येतात, त्यावर मी लिनक्स टाकून देतो. आवाज, स्क्रीन, कीबोर्ड पहिल्या फटक्यात चालतात; घोडं अडतं ते वायफायपाशी. मग गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरून तुमच्या ड्रायव्हरचं (म्हणजे चिप चालवणाऱ्या कोडचं) भांडार उतरवायचं, ‘मेक’, ‘सुडो मेक इन्स्टॉल’ या आज्ञा द्यायच्या, आणि मशीन रीस्टार्ट. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की हे पुन्हा करावं लागेल, हेही तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं. वायफायची चिप बनवणाऱ्या रिअलटेक कंपनीचे तुम्ही नोकर नव्हतात. तरी जुन्या कर्नलवर कोड बांधला जात नाही म्हणून कोणी तक्रार केली की उत्तर तुमचंच असायचं. कधी जरा कडक, पण मुद्द्याचं.

मला खरे आभार मानायचेत ते कंपनीच्या ड्रायव्हरच्या, तुम्ही केलेल्या पुनर्लेखनाचे. नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं कौतुक होतं. दुसऱ्याचा कोड निस्तरणाऱ्याला कोण विचारतो? रिअलटेकचा मूळ कोड मी एकदा उघडून पाहिला होता. कर्नलच्या घरात राहायला येताना या ड्रायव्हरने चूल, जातं, पाटा-वरवंटा सगळं स्वतःचंच आणलेलं. मेमरी मागायची तर स्वतःच्या फंक्शनमधून, लॉक लावायचं तर तेही स्वतःचं. नेटवर्क शोधणं आणि जोडणं ही कामं कर्नलमध्ये मॅक८०२११ हा सामायिक थर करतो. इथे त्यासाठीही वेगळा संसार. कर्नलमध्ये काम फत्ते झालं की शून्य परत यायचं आणि चूक झाली की ऋण आकडा; यांच्याकडे यश म्हणजे एक, अपयश म्हणजे शून्य. असा कोड एका झटक्यात बदलता येत नाही. एक पॅच, म्हणजे एक छोटा बदल, तपासणी, मग पुढचा पॅच. नवशिक्याला हे काम कंटाळवाणं वाटतं, आणि ते आहेच.

त्याआधीची ब्रॉडकॉम या दुसऱ्या चिप कंपनीची गोष्ट तर मी दर वर्षी वर्गात सांगतो. कंपनीने माहिती दिली नाही, तेव्हा काम दोन गटांत वाटलं गेलं. एका गटाने कंपनीचा बंद (कोड न दाखवलेला) ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते ते साध्या भाषेत लिहायचं; दुसऱ्याने फक्त ते वर्णन वाचून कोड लिहायचा, मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही पाहायचं नाही. त्यातून बीसीएम४३एक्सएक्स हा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१७ आवृत्तीत आला. मग मॅक८०२११ आलं आणि तेच काम नव्याने मांडावं लागलं. तो बी४३ हा ड्रायव्हर, २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ मध्ये. तुम्ही आधी कोड लिहिलात, पुढे वर्णन लिहिणाऱ्यांत गेलात. म्हणजे त्या भागाचा कोड आता आपण लिहायचा नाही, हे मान्य करून. मुलांना मी हा भाग मुद्दाम दोनदा सांगतो.

आणि ॲपलचा तो जुना लॅपटॉप, पॉवरबुक जी४! जगाने त्यातला पॉवरपीसी प्रोसेसर सोडल्यावरही तुम्ही त्यावर नवे कर्नल चालवून पाहत राहिलात आणि बिघडलं की कळवत राहिलात. संख्येतले बाइट उलट्या क्रमाने ठेवणाऱ्या मशीनवर ड्रायव्हरमधल्या अशा चुका उघड्या पडतात, ज्या आमच्या साध्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं झाकलेल्या राहतात.

आरटीएल८१८८ईयू ही रिअलटेकची चिप आमच्याकडच्या, यूएसबीला लावायच्या स्वस्त वायफाय डोंगलमध्ये हमखास सापडते. तिचा ड्रायव्हर तुम्ही २०१३ मध्ये कर्नलच्या स्टेजिंग विभागात आणलात, म्हणजे जिथे कच्चा कोड सुधारण्यासाठी ठेवतात तिथे. २०२१ मध्ये तो काढून तुमच्याच भांडारातली नवी आवृत्ती तिथे आली, आणि बऱ्याच जणांनी मिळून ती घासूनपुसून घेतली. २०२३ मध्ये आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा मॅक८०२११ वर बसणारा ड्रायव्हर तीच चिप चालवू लागला, तेव्हा स्टेजिंगमधला कोड काढून टाकला गेला. एखाद्याला वाईट वाटलं असतं. मला वाटतं, तुम्ही मान डोलावून पुढच्या चिपकडे वळला असाल.

आता असं डोंगल लावलं की काहीच करावं लागत नाही. मुलं लावतात, वायफाय येतं, आणि मला कोणी हाक मारत नाही. तेवढ्यासाठी मनापासून धन्यवाद.

आपला,
एक संगणक शिक्षक