बाबा, मडगार्ड पाठवू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी ठणठणीत आहे. रात्रपाळी, थंडी, जेवण यांतलं नवीन काही नाही, तेव्हा ते लिहीत बसत नाही. हे पत्र मुख्यतः बाबांसाठी आहे.

बाबा, इथे इंग्लंडात, रेडिचला, मी जी जुनी रॉयल एन्फिल्ड बुलेट पुन्हा उभी करतेय तिच्यासाठी तुम्ही घरच्या बुलेटचा मिककार्ब कार्ब्युरेटर आणि मडगार्ड पार्सलने पाठवतो म्हणालात, मी नको म्हटलं आणि तुम्ही लगेच फोन आईकडे दिलात. तुमचं मन दुखलं हे मला कळलं. तुमचा माल वाईट आहे असं माझ्या मनातही नाही. मद्रासची बुलेट 1955 साली इथल्याच आराखड्यावर सुरू झाली, हे तुम्हीच मला टाकी पुसता पुसता सांगितलंत. पण नंतर रेडिचवाले आपली गाडी बदलत गेले, 1967 मध्ये इथला कारखानाच बंद झाला, आणि तिकडची गाडी आपल्या वाटेने पुढे गेली. तिच्यात काही ठिकाणी मेट्रिक आटे आले. माझी गाडी 1954 ची आहे. तिच्यात सायकल थ्रेड, इंचाला 26 आटे, आणि मधूनमधून व्हिटवर्थ, दोन्ही जुन्या इंग्रजी इंचाच्या मापाचे. मेट्रिक बोल्ट सुरुवातीला गोडीत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेलेच. आधीच्या मालकाने जागोजागी तेच केलंय. पानेसुद्धा वेगळे लागतात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे तुम्ही ज्याला दोन सूत म्हणाल त्या पाव इंचाच्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून मोठं निघतं.

कार्ब्युरेटरचंही तसंच. गाडी खोक्यांत भरून आली तेव्हा तिच्यासोबत अमाल कंपनीचा मोनोब्लॉक होता, म्हणजे पेट्रोलची वाटी अंगातच असलेला कार्ब्युरेटर. चांगला होता, पण तो नंतरच्या गाड्यांचा. हिला ती वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, वेगळी असलेला जुना अमाल लागतो. मिककार्ब लावून ती आपल्या अंगणातल्यासारखी एका किकमध्ये सुरूही होईल, मला ठाऊक आहे. पण ज्या गावात ती बनली त्याच गावात मी राहते. तिथून निघाली तशीच ती पुन्हा उभी राहावी असं मला फार वाटतं. इंजिनाला ठिणगी आणि दिव्यांना वीज देणाऱ्या लुकासच्या मॅगडायनोचं आर्मेचर, म्हणजे तारेचं वेटोळं, नव्याने गुंडाळून घेतलं. जुन्या वाइंडिंगवरचा लाखेचा थर इंजिन तापलं की मऊ पडतो, आणि मग गार असताना येणारी ठिणगी गरम झाल्यावर गायब होते. स्मिथचा स्पीडोमीटर मात्र मूळचाच आहे. त्याचा काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. पाहाल तर खूश व्हाल.

तुमची मदत मला हवीच आहे. गाडी एका दाबात न्यूट्रलला आणणाऱ्या न्यूट्रल फाइंडरची दांडी इथे मिळेना. घरच्या दांडीची लांबी, भोकाचा व्यास आणि वाक व्हर्नियरने मोजून कळवा. जुळलं तर तीच पाठवा, मी तीच लावीन.

आई, आता तुझा प्रश्न, की इंजिनाचे तुकडे घ्यायला मुलगी शेतात कशाला जाते. सविस्तर सांगते, म्हणजे काळजी राहणार नाही. इकडे जुन्या गाड्यांच्या भागांचे बाजार भरतात. सगळ्यांत नावाजलेला ब्यूलीचा. दक्षिणेला न्यू फॉरेस्टच्या जंगलात, सप्टेंबरात, 1967 पासून. चिखलात ताडपत्र्या अंथरून लोक गंजके लिव्हर, दिव्यांच्या काचा, अर्धवट सायलेन्सर मांडतात. घेणारे पहाटे बॅटऱ्या घेऊन येतात, खिशात आपला मोडका तुकडा, तो प्रत्येक ढिगाशी लावून बघतात. पाऊस आला तरी कोणी हलत नाही, थर्मासमधला चहा पितात आणि पुन्हा वाकून बघायला लागतात. घासाघीस अगदी हळू आवाजात. नव्या चकचकीत वस्तूला किंमत कमी, त्या सालच्या मूळ वस्तूला जास्त, मग ती कितीही गंजलेली असो. आणि सगळ्यांत नवल म्हणजे विकणारा आधी तुझ्या गाडीचा चासी नंबर विचारतो! मी पैसे हातात घेऊन उभी होते आणि तो विकणारा म्हातारा म्हणाला, हा भाग तुझ्या गाडीला शोभणार नाही, मागच्या रांगेत जाऊन बघ. माल तसाच ठेवला. मागच्या रांगेत खरंच मिळाला. अशी माणसं आहेत गं ही, घाबरण्यासारखं काही नाही.

आणि हो, हेल्मेटशिवाय मी बसत नाही. इथे 1973 पासून कायदाच आहे. लायसन्स रीतसर परीक्षा देऊन काढलंय. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, बाबांच्या गाडीसारखंच, त्यामुळे सवय आहेच. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला इथे रस्ताकर माफ आहे, म्हणजे खर्चही तू समजतेस तेवढा नाही. रेडिच हे एके काळी जगाला सुया पुरवणारं गाव, एन्फिल्डवाल्यांचं मूळही सुयांच्याच धंद्यातलं, तेव्हा तुझ्या शिवणाच्या डब्याशी या गाडीचं लांबचं नातं आहे असं समज.

या महिन्यात घराच्या हप्त्याला पैसे कमी आले ते मॅगडायनोच्या बिलामुळे. पुढच्या महिन्यात दोन्ही भरून पाठवते, दादाला बँकेत तसं सांगायला सांगा. त्याला स्वतःच्या खिशातून घालू देऊ नका. धाकट्याच्या साखरपुड्याला मला सुट्टी मिळाली नाही. दिवाळीलाही येणं होणार नाही. लग्नाला मात्र आठवडाभर आधी येते, रजा मंजूर झालीय. होणाऱ्या वहिनीला बांगड्या माझ्याकडून करा, वजन काय ठेवायचं ते आईने ठरवावं. मावशीने सुचवलेल्या स्थळाशी मी फोनवर बोलले. मुलगा नीट बोलतो, लेस्टरला असतो. भेटेन. मी नाही म्हटलेलं नाही, एवढं मावशीला कळवा, आणि पत्रिकेचं तूर्तास राहू दे. आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका, तारीख घेऊन टाका, तो खर्च माझा.

तुमची,
लेक