कालव्याच्या पाण्याच्या पाळीची तारीख पिकाच्या गरजेवरून ठरवा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, जलसंपदा,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

अहिल्यानगर जिल्ह्यात एका कालव्याच्या अगदी शेवटच्या चारीवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान पाटावर, माझी शेती आहे. कालव्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणा एका कार्यालयाची तक्रार करायला मी बसलेलो नाही. मला एका गव्हाची हकिकत तुमच्या कानावर घालायची आहे, आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, राहणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ती ओळखीची वाटेल.

मागच्या एका रब्बीत मी 12 नोव्हेंबरला गहू पेरला. पेरणीच्या ओलीपुरतं पाणी विहिरीनं दिलं, पुढची सगळी भिस्त पाटावर होती. गव्हाला 18 ते 21 दिवसांत मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं, फुटतात. तेव्हा जमिनीत ओल नसेल तर फुटवे धरत नाहीत आणि ते नुकसान पुढं कितीही पाणी दिलं तरी भरून येत नाही. माझ्या गव्हाचे ते दिवस 30 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर हे होते. आमच्या चारीला पाणी आलं 27 डिसेंबरला, म्हणजे 45 व्या दिवशी. दुसरी पाळी आली 4 फेब्रुवारीला, 84 व्या दिवशी. मधल्या काळात, 60 ते 65 व्या दिवशी, गहू फुलोऱ्यात आला आणि कोरड्यातच फुलोऱ्यातून गेला.

कृषी विद्यापीठांची शिफारस जुनी आणि सगळ्यांना पाठ असलेली आहे. गव्हाला एकच पाणी देता येत असेल तर ते 40 ते 42 व्या दिवशी द्यावं. दोन देता येत असतील तर पहिलं 20 ते 22 व्या आणि दुसरं 60 ते 65 व्या दिवशी. मला दोन पाणी मिळाली आणि धरणातल्या साठ्यावरून दोनच मिळणार हे मलाही मान्य होतं. त्यामुळं साहेब, मी जास्त पाणी मागत नाही. तेवढंच पाणी चोवीस दिवस आधी आणि मग एकोणीस दिवस आधी आलं असतं तर माझं पीक उभं राहिलं असतं. शेजाऱ्यानं शेततळ्यातून वेळेवर दोन पाणी दिली. त्याच्या उताऱ्याच्या निम्म्यावर माझा उतारा आला.

आता या तारखा ठरतात कशा, ते पाहा. 15 ऑक्टोबरचा साठा धरला जातो. त्यातून बाष्पीभवन, पिण्याचं पाणी आणि कारखानदारीचं पाणी वजा होतं. उरलेल्या पाण्याच्या वाटपाचा प्राथमिक सिंचन कार्यक्रम तयार होतो आणि पाळ्या ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीची सभा बसते. सभेत वाद होतो तो रब्बीत दोन पाळ्या की तीन, उन्हाळ्यात किती, आणि पहिलं आवर्तन, म्हणजे पहिली पाळी, कधी सोडायची यावर. कार्यक्रमाच्या कागदात पीकनिहाय हेक्टर असतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या हेक्टरांवरच्या पिकाला कोणत्या आठवड्यात किती मिलिमीटर पाणी लागेल, हे मी गेलेल्या एकाही सभेत कुणी मांडलं नाही. साठ्याचा आकडा दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये) दशांश चिन्हापर्यंत सांगितला जातो. गरजेचा आकडा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

तो काढणं अवघड असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. हवामान केंद्रावर 122 सेंटिमीटर व्यासाचं आणि 25 सेंटिमीटर खोल असं पसरट बाष्पीभवन पात्र असतं. त्यातलं पाणी दिवसाला 5 मिलिमीटर उडालं असं धरू. त्याला साधारण 0.7 नं गुणलं की त्या हवेत जमीन झाकणारं हिरवं गवत किती पाणी घेईल ते कळतं : 3.5 मिलिमीटर. मग पिकाचा गुणांक लावायचा, म्हणजे त्या गवताच्या किती पट पाणी पीक घेतं तो आकडा. गहू लहान असताना तो 0.4 च्या आसपास असतो, ऐन वाढीत 1.15, आणि पिवळा पडू लागला की परत खाली येतो. म्हणजे कोवळ्या गव्हाला दिवसाला दीड मिलिमीटरही लागत नाही आणि फुलोऱ्यातल्या गव्हाला 4 मिलिमीटर लागतं. एका एकरावर 4 मिलिमीटर म्हणजे रोज 16 हजार लिटर. उन्हाळ्यात आमच्याकडं पात्रातलं पाणी डिसेंबरच्या दुपटीहून जास्त वेगानं उडतं, त्यामुळं एप्रिलमधल्या पिकाचा हिशेब साहजिकच वेगळा. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं 1998 मध्ये याची अधिक नेमकी पद्धत प्रसिद्ध केली आणि जगभर तीच वापरतात. आपल्याकडच्या कृषी पदवीच्या मुलांना ती शिकवली जाते.

याला जमिनीची जोड द्यावी लागते. भारी काळ्या जमिनीत गव्हाच्या मुळांच्या पट्ट्यात पिकाला ताण न बसता वापरता येईल अशी 80 ते 90 मिलिमीटर ओल मावते, मुरमाड जमिनीत 20 ते 25. रोज 4 मिलिमीटर खर्च धरला तर काळ्या रानाला पाणी तीन आठवडे पुरतं आणि मुरमाडाला सहाव्या दिवशी ताण बसतो. आमच्या कालव्यावर डोक्याकडं, म्हणजे सुरुवातीच्या भागात, काळं रान आहे आणि टेलला मुरमाड. पाळीचा अंतराल मात्र दोघांना एकच. डोक्याच्या भागात ऊस उभा असतो. ऊस बारमाही असल्यानं आठवडाभर उशीर सोसतो, तो वाळून जात नाही. हरभऱ्याला पाणी हवं असतं फांद्या फुटताना आणि घाटे भरताना, रब्बी ज्वारीला पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी. ही पिकं त्या आठवड्यात चुकली की चुकलीच. तरीही आवर्तनाची तारीख उसाच्या सोयीनं पडते, कारण सभेत उसाचा आवाज मोठा असतो. मी उसाच्या विरोधात नाही, माझ्याच भावकीत ऊस आहे. पण वाट पाहू शकणारं पीक आधी आणि न पाहू शकणारं नंतर, हा क्रम उलटा आहे.

मला सांगितलं जातं की कालवा म्हणजे घरचा नळ नव्हे, प्रत्येकाच्या पेरणीच्या तारखेला पाणी सोडता येत नाही. हे खरंच आहे. म्हणूनच आपल्या जुन्या माणसांनी पिकं एकत्र बांधली होती. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालत आली. लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढल्या वर्षी फडाचं पीक बदलायचं, आणि पाटकरी सगळ्या फडाला एका क्रमानं भिजवणार. पीक एक म्हणून गरज एक आणि गरज एक म्हणून पाळी एक. गरजेचा गुणांक त्यांना माहीत नव्हता, पण गरजेवरून पाणी बांधायची अक्कल होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर लाभक्षेत्राचे गट पाडून पाणी देण्याची ब्लॉक पद्धत आणली तेव्हाही मूळ विचार पाणी आणि पीकरचना यांची सांगड घालण्याचाच होता. आणि आजचं उदाहरण हवं असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीचं वाघाड धरण आहे. तिथं शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था मोजून पाणी घेतात आणि कोणत्या पिकाला ते कधी द्यायचं हे स्वतः ठरवतात. सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं देणाऱ्या राज्याच्या 2005 च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूद केली ती यासाठीच. आमच्याकडं संस्था कागदावर आहे, चारीवरचं मोजमापाचं यंत्र मात्र मोडून पडलं आहे. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

गरजेचा हिशेब करायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीत शेतकरी पीक, क्षेत्र आणि लागवडीची तारीख स्वतः भरतो. तो तपशील महसूल खात्याकडं आहे. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत, त्यांची माहिती कृषी खात्याकडं जाते. धरणाचा साठा आणि नमुना 7 चे पाणी मागणीचे अर्ज तुमच्या खात्याकडं. तीन खात्यांची तीन कागदं एका टेबलावर आली की प्रत्येक वितरिकेची, म्हणजे कालव्याच्या फाट्याची, दहा-दहा दिवसांची गरज काढायला एका अभियंत्याला आठवडाही लागणार नाही.

गळतीचा आकडाही त्यात आपोआप उघडा पडेल. एका पाळीला शेतात 75 मिलिमीटर द्यायचं धरलं आणि धरणातून निघालेल्या पाण्यातलं निम्मंच मुळांपर्यंत पोचलं, तर 1 टीएमसीत (अब्ज घनफुटात) सुमारे 19 हजार हेक्टर भिजतं. शंभरातलं सत्तर पोचलं तर 26 हजार हेक्टर. हे दोन आकडे सभेत शेजारी-शेजारी मांडले गेले की चारी दुरुस्तीसाठी निधी मागायला आम्हाला वेगळं भांडावं लागणार नाही.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे. कालवा सल्लागार समितीच्या सभेआधी गरजेचा तक्ता गावोगावच्या चावडीवर लागावा. समितीच्या ठरावात पाळ्यांची नुसती संख्या नको, टेलच्या चारीला पाणी पोचण्याची तारीख हवी आणि ती तारीख त्या भागातल्या मुख्य पिकाच्या नाजूक अवस्थेवरून ठरलेली हवी. आणि हे सगळं रब्बीच्या पेरणीपूर्वी जाहीर व्हावं. टेलला पाणी 3 डिसेंबरला आणि 16 जानेवारीला येणार हे मला ऑक्टोबरअखेर कळलं, तर मी 12 नोव्हेंबरला गहू पेरीन. एकच पाळी येणार असं कळलं तर हरभरा पेरीन आणि त्याबद्दल तक्रार करणार नाही. आमच्या चारीवर बावीस खातेदार आहेत. तारीख पक्की असेल तर सगळे एकाच आठवड्यात पेरायला तयार आहेत, तसं आम्ही बसून बोललो आहोत.

यंदाची सभा अजून व्हायची आहे. तिच्या विषयपत्रिकेवर साठ्याच्या खाली पिकांची गरज हा एक विषय घालायला आपण सांगावं, ही विनंती.

आपला,
कालव्याच्या शेवटच्या चारीवरचा एक शेतकरी