आधी दाब मोजा, मग इंजेक्टर काढा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिझेल पिकअपचे पंप आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे भाग) उघडून तपासणे हे माझे रोजचे काम. माझ्याकडे 'बाद' म्हणून येणाऱ्या इंजेक्टरांपैकी बरेच चांगलेच असतात. टेस्ट बेंचवर लावले की फवारा बारीक आणि गळती मर्यादेत. गाडी ओढत नव्हती, कुणीतरी 'इंजेक्टर गेले' म्हणाले आणि चारही खाली उतरवले, एवढीच त्यांची कथा. ज्याचे घर या गाडीवर चालते त्याचे या खर्चात कंबरडे मोडते आणि गाडी तशीच रखडते. हे बघवत नाही म्हणून लिहितो आहे.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. तपासण्यात अर्धा दिवस गेला तरी त्याची मजुरी मागायची सोय नसते. 'नुसते बघितले त्याचे कसले पैसे?' असे ऐकावे लागते. भाग बदलला की मात्र बिल निमूट चुकते होते. मग मेकॅनिकही भाग बदलून बदलूनच दोष शोधू लागतो. तपासणीची मजुरी वेगळी ठरवून द्यावी आणि बदल्यात मोजलेले आकडे बिलावर लिहून मागावेत, असे माझे गाडीमालकांना कळकळीचे सांगणे आहे.

गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर आल्यापासून घाई वाढली आहे. पी ००८७ हा कोड आला की त्याचा अर्थ एवढाच, की रेलमध्ये, म्हणजे पंपाकडून आलेले डिझेल दाबाखाली साठवून सगळ्या इंजेक्टरांना देणाऱ्या जाड नळीत, हवा तितका दाब तयार होत नाही. का होत नाही, ते कोड सांगत नाही. फिल्टर तुंबलेला असेल, टाकीतली जाळी भरलेली असेल, पाइप हवा घेत असेल, पंपात किती डिझेल जावे ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकत असेल, रेलमधला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, सेन्सरची वायर खराब असेल किंवा खरोखरच एखादा इंजेक्टर रिटर्नमधून, म्हणजे जादा डिझेल परत नेणाऱ्या पाइपातून, प्रमाणाबाहेर डिझेल सोडत असेल. तपासणी स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू व्हायला हवी. होते नेमके उलटे.

सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर नाही, ही नेहमीची तक्रार घ्या. ज्या गाड्यांच्या टाकीत पंप नसतो, त्यांत टाकीपासून इंजिनवरच्या पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तिथे बारीक चीर पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. पाइप वरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि भल्याभल्यांची नजर त्यावरून घसरते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपाला आधी हवाच मिळते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालू करा, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. बऱ्याचदा दोष निघतो तो नवा फिल्टर बसवताना चेमटलेल्या रबरी रिंगमध्ये, नाहीतर पाणी काढायच्या ढिल्या स्क्रूमध्ये.

फिल्टर काढलाच आहे तर त्यातले डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. पाणी असेल तर तळाशी बसते. चमचमणारा धातूचा कीस दिसला तर मामला गंभीर: हाय प्रेशर पंप आतून झिजतो आहे. अशा वेळी टाकी, पाइप आणि रेल साफ न करता नवे इंजेक्टर बसवले, तर तो कीस त्यांनाही खातो.

इंजेक्टरवर संशय असेल तर रिटर्न तपासा. प्रत्येकाच्या रिटर्न पाइपला सारखी बाटली लावायची, इंजिन काही मिनिटे चालवायचे आणि पातळ्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. एकच बाटली भराभर भरली तर दोषी सापडला. सगळ्यांत थोडे आणि सारखे असेल तर कमी दाबाचे कारण दुसरीकडे शोधा. सोबत स्कॅनरवर मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब बघा. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) साधारण २५० ते ४०० बार आणि पूर्ण भाराला बऱ्याच इंजिनांत १६०० बारच्या वर. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावा.

काळा धूर दिसला की सगळे डिझेलच्या मागे लागतात. मी आधी हवेची बाजू बघतो: एअर फिल्टर, टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा फाटका होज, उघडा अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तिथे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे) आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का, तेही तपासावे. निळा म्हणजे ऑइल. चढावर दम सोडणारी गाडी थोडे थांबल्यावर पुन्हा नीट धावत असेल, तर टाकीचे झाकण जरा ढिले करून चालवून बघा. फरक पडला तर टाकीला हवेची वाट बंद झाली आहे, एवढेच.

एक गोष्ट मात्र ठळक छापावी ही विनंती. मिसिंग (कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधण्यासाठी चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करण्याची सवय जुन्या पंपांच्या काळातली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच रेलमधून डिझेल देणारी पद्धत, आली, पण हात अजून त्याच सवयीचे आहेत. कॉमन रेलवर हे कधीही करू नये, आणि गळती बोटाने चाचपू नये. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. वर दिसते फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण, फारसे दुखतही नाही, आणि काही तासांतच आतले मांस सडायच्या वाटेला लागू शकते. असे झाल्यास सूज येण्याची वाट न बघता तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना 'दाबाखालचे डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे.

आपला,
एक डिझेल पंप मेकॅनिक