क्लच पिस्टनच्या सदोष सीलबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या खासगी मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पूर्ण खोलून दुरुस्त करण्यासाठी मी आपल्या कंपनीचा सील संच घेतला. त्यातील फॉरवर्ड (गाडी पुढे नेणाऱ्या) क्लचच्या पिस्टनचे बाहेरचे लिप सील (लिप म्हणजे ओठासारखी लवचीक कड असलेले रबरी सील) हवा धरत नाही, असे कळवल्यावर आपण सील न पाहताच ‘काम प्रथमच करणाऱ्याकडून ते चुकीचे बसले असावे’ असे उत्तर देऊन तक्रार निकाली काढलीत. मी हे काम प्रथमच करत आहे, हे खरे. म्हणूनच तर गिअरबॉक्स गाडीत चढवण्यापूर्वी प्रत्येक क्लच हवेने तपासला.

क्लचचा ड्रम (पिस्टन व प्लेटा ज्यात बसतात ते भांडे) तेलपंपाच्या स्टेटर शाफ्टवर, म्हणजे क्लचला तेल पुरवणाऱ्या दांड्यावर, बसवून सुमारे 35 पीएसआय दाबाची हवा दिली असता पिस्टन हलला, पण क्लच धरल्याचा ठाम ‘ठप्’ आवाज आला नाही आणि फुसफुस थांबली नाही. शाफ्टवरील सीलिंग रिंगमधून थोडी हवा निसटतेच, म्हणून ड्रम काढून थेट त्याच्या छिद्रातून हवा दिली. ड्रममधील चेक बॉल (दाब आल्यावर छिद्र बंद करणारी छोटी गोळी) जागेवर बसेपर्यंत गळतो, म्हणून तेही छिद्र बोटाने दाबून धरले. अखेर प्लेटा काढून, हवेचा दाब कमी ठेवून पिस्टनच्या कडेने एटीएफ (गिअरबॉक्सचे तेल) ओतले, तेव्हा बाहेरच्या कडेला एकाच ठिकाणी बुडबुडे आले. सीलचे लिप दाबाच्या बाजूला, म्हणजे ड्रमच्या तळाकडेच होते. त्याच पिस्टनवर दुसऱ्या उत्पादकाचे सील चढवून त्याच ड्रममध्ये बसवले, तर क्लचने हवा पक्की धरली. ड्रम व पिस्टन निर्दोष असल्याचा याहून वेगळा पुरावा काय द्यावा?

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरची कामे करणाऱ्या अनुभवी कारागिरानेही आपले सील भिंगाखाली पाहिले. साच्याच्या जोडापाशी लिपमध्ये रबर अपुरे भरले असून, बसवताना कापल्याची खूण नाही, असे त्यांचे मत आहे. हे सील तसेच राहिले असते, तर तेलाचा दाब टिकला नसता, क्लच घसरून फ्रिक्शन प्लेटा जळाल्या असत्या आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागला असता. आपल्या माहितीपत्रकात तर चाचणीचा दाब किंवा लिपची दिशा यांचा उल्लेखही नाही, आणि दोष मात्र बसवणाऱ्याच्या माथी!

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार उत्पादनातील दोष आणि अपुऱ्या सूचना या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार ठरू शकतो, आणि ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. तेव्हा संचाची किंमत व पर्यायी सीलचा खर्च परत द्यावा, त्याच बॅचची इतर सील तपासावीत आणि त्या तपासणीचा लेखी अहवाल पंधरा दिवसांत पाठवावा. अन्यथा बेळगाव येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

पावतीची प्रत व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मूळ सील मात्र मी माझ्याजवळच ठेवले असून, आपल्या प्रतिनिधीने येथे येऊन ते माझ्यासमक्ष तपासावे.

आपला,
एक ग्राहक
खानापूर, जि. बेळगाव