आप्पांना पोलिसांनी हटकलं

प्रिय विज्या,

तब्येती ठीक. आप्पांची साखर जरा वर, माझी पाठ जिथल्या तिथे. आता मुद्द्याचं ऐक, कारण हे इथे कुणाला सांगून उपयोग नाही आणि दादाच्या कानावर गेलं तर तो आप्पांना पुढच्या विमानाने साताऱ्याला बोलावून घेईल.

मंगळवारी सकाळी आप्पांना पोलिसाने अडवलं. बागेतल्या झुडपात हात घालताना.

हसून घे. मग पुढचं वाच.

जिओकॅशिंगचं तुला फोनवर सांगितलं होतं, तू त्याला 'म्हातारपणीचा लपंडाव' म्हणाला होतास. कुणीतरी डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. आपण जायचं, शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख टाकायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. मोठा डबा असला तर आत पोरांसाठी गोट्या, कीचेन असलं काहीबाही असतं. एक उचललं तर तेवढ्याच मोलाचं दुसरं टाकायचं. आम्ही हे अर्णवसाठी सुरू केलं, नाहीतर शनिवारी ते पोर सोफ्यावरून हलत नाही. जंगलात चल म्हटलं की तोंड वाकडं, पण जंगलात डबी आहे म्हटलं की आधी बूट घालून दारात उभा.

आप्पा इथे अमेरिकेत आले तेव्हा सुरुवातीला नुसते खिडकीत बसून असायचे. कट्टा नाही, पेपर नाही. 'इथे माणसं राहतात का नुसत्या गाड्या?' हे दिवसातून दोनदा. मग एका शनिवारी अर्णवने त्यांना बरोबर नेलं, ॲपवरचे आकडे दाखवले, आणि मोजणीदार जागा झाला की रे! अंश, मिनिटं आणि मिनिटाच्या पुढे तीन दशांश स्थळं. रस्त्यात उभं राहून म्हणाले, 'उत्तर-दक्षिण एक मिनिट म्हणजे १८५२ मीटर. हजारावा भाग सहा फूट धर. पण पूर्व-पश्चिम एवढं भरायचं नाही, आपण पंचेचाळिसाव्या अंशावर आहोत. तिथे सव्वा मीटरच्या जरा वर.' तोंडी! अर्णव आ वासून बघत राहिला. त्याला आजोबा म्हणजे पोथी आणि पथ्याचं खाणं एवढंच ठाऊक होतं.

आणि शोधतात कसे! फोन दहा-पंधरा फुटांपर्यंत आणून सोडतो, उंच फरच्या झाडांखाली तेवढाही भरवसा नाही. पुढे सगळी नजर. निवडुंगात बुजलेले हद्दीचे दगड हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यापुढे फिल्मच्या रोलची डबी काय टिकणार? आम्ही खाली पालापाचोळा उकरत बसतो, हे कमरेवर हात ठेवून लांबून बघतात. 'तो दगड तिथला नाही.' उचलला की डबी.

मे महिन्यात त्यांना बीव्हरक्रीकला नेलं. पोर्टलंडच्या दक्षिणेला, आमच्याकडून फार लांब नाही. हा सगळा उद्योग तिथे सुरू झाला. २ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालून ठेवायचं, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. त्या दिवशी ती चूक काढली, आणि लगेच ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने तिथल्या झाडीत एक काळी बादली ठेवून आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत वही-पेन्सिल, पुस्तकं, थोडे पैसे, गलोल आणि बीन्सचा एक डबा. आता तिथे फलक आहे. आप्पांनी फलकाकडे ढुंकून पाहिलं नाही, ते अडकले सरकारवर. 'म्हणजे मोजणी मुद्दाम चुकवत होते? आणि आमच्यावर अर्ध्या फुटासाठी लोक कलेक्टरपर्यंत जायचे!' परतीच्या वाटेवर गाडीत तोच विषय.

तर मंगळवार. आम्ही दोघं कामावर, अर्णव शाळेत. आप्पा एकटेच निघाले. घराजवळच्या बागेत, घसरगुंडीच्या मागच्या कुंपणात एक डबी होती, ती त्यांना दोनदा चकवून गेली होती. हातात बॅटरी आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. आता तूच डोळ्यांपुढे आण. मुलं खेळतायत आणि एक अनोळखी सावळा म्हातारा स्वेटर-कानटोपी घालून झुडपात आरसा फिरवतोय. कुणीतरी फोन केला. तो केला म्हणून त्या बाईला (बाईच असेल असं आपलं मी धरून चाललोय) मी बोल लावत नाही. म्हणजे लावतोही. रात्री दोन वाजता लावतो.

पोलीस आला, पोरगेलासाच. त्याने विचारलं, काय करताय. आणि विज्या, आप्पांनी उत्तर द्यायच्या आधी स्वेटरच्या आत हात घातला. चष्मा काढायला. चष्मा लावल्याशिवाय ते सरकारी माणसाशी बोलत नाहीत, तुला माहीत आहे.

माझी झोप गेली ती त्या हातामुळे. २०१५ साली अलाबामात काय झालं ते तू वाचलं असशील. नातवाला सांभाळायला आलेले गुजराती आजोबा सकाळी फिरायला निघाले, कुणीतरी फोन केला, इंग्रजी येत नव्हतं, पोलिसाने जमिनीवर आपटलं आणि माणूस जवळजवळ लुळा झाला. त्यांच्या हातात तर आरसाही नव्हता. इथल्या प्रत्येक देशी घरात आईवडील आले की ही गोष्ट एकदा निघतेच, मग विषय बदलतो.

आमच्या पोलिसाने मात्र काही केलं नाही. 'आय ॲम रिटायर्ड सर्व्हेइंग ऑफिसर, गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र,' ऐकून घेतलं, फोनवरचा नकाशा बघितला, हसला. त्याला हा खेळ माहीत होता. असे फोन येतात म्हणे. इंग्लंडात वेदरबीला २०११ मध्ये अशीच एक डबी बॉम्ब समजून उडवून दिली होती. वर त्याने आप्पांना 'गुड लक, सर' म्हटलं. झालं! रात्री जेवताना पराक्रम तीनदा सांगून झाला, तिसऱ्या वेळी पोलिसाने सलाम ठोकला होता.

मी म्हटलं, आता एकटं जायचं नाही. त्यावर ताट सरकवून उठले. तेव्हापासून माझ्याशी अर्णवमार्फत बोलतात. 'तुझ्या बापाला सांग, दूध संपलंय.' मेघनाचं म्हणणं, चमकणारं नारिंगी जाकीट द्या, इथले बरेच जण तेच करतात, कुणी विचारत नाही. आप्पा म्हणाले, 'मी काय कंत्राटदाराचा माणूस?' आणि अर्णव गुपचूप मला विचारतो, 'आजोबांनी काही चुकीचं केलं का?' नाही म्हणालो. 'मग एकटं का नाही जायचं?' याचं उत्तर द्यायचं म्हणजे अलाबामा सांगायला हवं, आणि दहा वर्षांच्या पोराला ते सांगायचं का नाही हे मला ठरवता येत नाही. न सांगावं तर उद्या तोही असाच खिशात हात घालेल. मेघना म्हणते सांग. आप्पांना सांगायची तर माझी छातीच होत नाही. त्यांना वाटेल मी त्यांना कमी लेखतोय. मग पुन्हा तोच सूर, त्यांची मोजणीची साखळी हरवली तेव्हाचा. (साखळी तू हरवलीस. मार मी खाल्ला. हे मी मरेपर्यंत सांगणार.)

तुझं ते ऐकतात. माझ्यापेक्षा आधीपासून ऐकतात, त्यावरून आपली दोनदा भांडणं झाली आहेत, तिसरं नको. तू फोन कर. जाऊ नका म्हणू नकोस. एवढंच सांग की पोलीस आला तर दोन्ही हात दिसतील असे ठेवा आणि चष्मा आधीच नाकावर असू द्या. तू कशातून वाचलंस म्हणून सांग, वॉट्सॲपवर आलं म्हण. माझं नाव काढू नकोस.

तुझं काय? आल्याला भाव मिळाला का? स्वातीची बदली थांबली असं दादा म्हणाला. काकूंचं दुसऱ्या डोळ्याचं उरकून टाका, पावसाळ्यात नको.

आणखी एक, आता चिडू नकोस. आप्पांना परत आल्यावर साताऱ्यात स्वतःची डबी ठेवायची आहे. दोन डब्यांमध्ये १६१ मीटर हवेत, जागामालकाची परवानगी हवी, त्याला न विचारता खणायचं नाही, असले नियम त्यांनी पाठ केलेत आणि परवानगीचा 'महोदय' मसुदाही तयार आहे. जागा तुझ्या बांधावरचा आंबा. होय, तोच बांध. तुझा चुलतभाऊ हद्दीचा दगड हलवला म्हणून पुन्हा मोजणी मागवेल ते आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, 'मागवू दे, मी आहे.' डबीची देखभाल करायला जवळचा माणूस लागतो, तिथे त्यांनी तुझं नाव घातलंय.

रविवारी कर फोन. तुझे संध्याकाळचे सात म्हणजे इथे सकाळचे साडेसहा, आप्पा चहाला एकटेच असतात.

तुझा,
बाळ्या