जुनी पोलो: आधी साल, मग रिमॅप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुनी फोक्सवॅगन पोलो घेऊन, रिमॅपने (इंजिनच्या संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून) तिचा पिकअप वाढवण्याची हौस आपल्या जळगाव-धुळ्यातही आहे. मात्र पाहिले जाते रंग आणि किलोमीटर. साल कोणी विचारत नाही. 2020 आधीची जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल) 1.2 लिटर, चार सिलिंडर, ताकद 105 पीएस. नंतरची 1.0 लिटर, तीन सिलिंडर, 110 पीएस. टॉर्क (फिरवण्याचा जोर) दोन्हींचा 175 एनएमच. खरा फरक गिअरबॉक्सचा. 2020 आधीच्या जीटीला फक्त सात गिअरचा ड्राय-क्लच (तेलात न बुडलेले दोन क्लच असलेला) डीएसजी ऑटोमॅटिक, त्याची मर्यादा 250 एनएम. रिमॅपने टॉर्क तिथवर नेला, वर ट्रॅफिकमध्ये गाडी रांगत राहिली, की क्लच तापून झिजतो. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कंट्रोल भाग) गेले तर खर्च मोठा. म्हणून स्कॅनरवर गिअरबॉक्सचे एरर कोड तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. आमचे मत स्पष्ट: रिमॅप करायचाच असेल तर 2020 नंतरची सहा गिअरची मॅन्युअल टीएसआय, तिला हा डीएसजी नाही.

उघडा कोन फिल्टर (डब्याविना बसवलेला शंकूसारखा एअर फिल्टर) मात्र नकोच. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 गाठतो. हा फिल्टर बॉनेटमधली गरम हवा ओढतो, ईसीयू (इंजिनचा संगणक) स्पार्कचे टायमिंग मागे घेतो आणि वाढलेली ताकद तिथेच जाते. धूळ वेगळीच! बदल विमा कंपनीला न कळवल्यास क्लेम अडू शकतो.

आपले,
काही गॅरेजवाले, भुसावळ