आत्याचं आणि माझं एकच दुखणं

ती. बाबा व सौ. आईस सा. न.

फोनवर आई रडते, बाबा गप्प होतात, म्हणून लिहून पाठवते.

रक्ताचा जनुकीय रिपोर्ट आला. माझ्या टीपी53 या जनुकात जन्मापासून दोष आहे. बिघडलेल्या पेशीला वाढू न देणं, नाहीतर संपवणं, हे त्याचं काम. तेच लंगडं पडलं की कॅन्सर तरुणपणीच गाठू शकतो: स्तन, हाडं, मेंदू, कुठेही. ली आणि फ्रॉमेनी या डॉक्टरांनी 1969 मध्ये अशी कुटुंबं पहिल्यांदा मांडली, त्यांचंच नाव आजाराला आहे. त्यात फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो. मला नेमका तोच झाला.

बाबा, तुम्हाला आत्या आठवली असेल. एकतिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर, आणि मागोमाग तिच्या बाळूला गुडघ्याजवळ हाडाचा. गावाने बाहेरचं म्हटलं, आजी कुळाचारात काय चुकलं ते शोधत राहिली. इथे नागपूरला डॉक्टरांनी आपली वंशावळ कागदावर काढली तेव्हा ती दोघं आणि मी एका रेषेत आलो. आत्या स्वतःलाच दोष देत गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून बाबा, तुमची आणि दादाची तपासणी हवी. आईचीही, कारण रिपोर्टशिवाय नक्की म्हणता येत नाही. आईबापांपैकी एकात दोष असला तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. तो असूनही काहींना पुष्कळ वर्षं काही होत नाही, तेव्हा तुमची तब्येत चांगली आहे एवढ्यावर सोडू नका. दादात नसेल तर त्याच्याकडून चिऊला यायचा प्रश्नच मिटतो. असेल तर तिची लहानपणापासून सोनोग्राफी, एमआरआय करत राहायचं, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडते. आई, कोणाकडून आलं याचा माहेर-सासर हिशेब मात्र नको. हे कोणी मागून घेतलेलं नाही.

माझं म्हणाल तर, गाठीत ईजीएफआर या दुसऱ्या जनुकाचा बदल सापडला, त्यामुळे त्यावरच्या ओसिमर्टिनिब या औषधाची रोज एक गोळी आहे. नखांच्या कडा चिरतात, भांडी हातमोजे घालून घासते. खोकला कमी आहे. या दोषात किरणांनी नवा कॅन्सर व्हायची भीती असते, म्हणून डॉक्टर शक्यतो शेक टाळताहेत.

सोमवारी सकाळच्या एसटीने या, मी गणेशपेठ स्टँडवर येते. या तपासणीला उपाशीपोटी लागत नाही. बाबा, जेवून निघा, बीपीची गोळी घ्या. दादाला मी आजच फोन करते.

तुमची,
मनू